पुढचं तिकीट लागतं हे तिकीट विकतानाच सांगा: विमान कंपन्यांना आणि तिकीट विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतातून परदेशी विमानं सोडणाऱ्या सगळ्या कंपन्या आणि त्यांची तिकिटं विकणारे ॲपवाले, साईटवाले, एजंट

नमस्कार.

मी कराडला राहते, शाळेत शिकवते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि अकरावीतली मुलगी असे आम्ही तिघं थायलंड आणि मलेशिया फिरून आलो. ट्रिप छान झाली, पण निघताना मुंबईच्या टर्मिनल दोनला चेक-इन काउंटरवर पुढच्या तिकिटावरून, म्हणजे त्या देशातून बाहेर पडायच्या तिकिटावरून, जो पाऊण तास गेला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण आल्यावर ओळखीतल्या चार-पाच जणांना सांगितलं तर प्रत्येकाने वेगळ्याच कंपनीचा असाच किस्सा सांगितला. म्हणून सगळ्यांनाच लिहितेय.

आमचा बेत असा होता. नवऱ्याला ट्रेनचं वेड, आणि बँकॉकहून एक रात्रीची ट्रेन निघते जी थेट मलेशियाच्या हद्दीत पाडांग बेसारला जाऊन थांबते, दुपारी बसायचं आणि सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं. त्या स्टेशनात एकाच इमारतीत थायलंडचं इमिग्रेशन आणि मलेशियाचं इमिग्रेशन, एका खिडकीवर बाहेर जायचा शिक्का, पुढच्या खिडकीवर आत यायचा शिक्का, आणि घड्याळ एक तास पुढे करायचं. तिथून लोकल गाडीने बटरवर्थ, बोटीने पेनांग, दोन दिवसांनी ट्रेनने क्वालालंपूर आणि तिथून विमानाने मुंबई. दोन वर्षं हा माणूस यूट्यूबवर त्या गाडीचे व्हिडिओ बघत होता. म्हणजे आम्ही मुंबई ते बँकॉक एकेरी तिकीट काढलं एका कंपनीचं, क्वालालंपूर ते मुंबई दुसऱ्या कंपनीचं, आणि मधली ट्रेन थाई रेल्वेच्या साईटवरून बुक केली, तिघांची नावं असलेली तिकिटं प्रिंट काढून फाईलला लावली.

कागदपत्रांचा अभ्यास मी केला होता हो. भारतीयांना थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून ३० दिवस बिनव्हिसा यायला दिलं आणि २०२४ च्या जुलैपासून ते ६० दिवस केलं, हे माहीत होतं. १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट असतं (खोट्या साईटी त्याचे पैसे घेतात, तेवढं जपा), तेही भरलं होतं. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवस बिनव्हिसा सोडलंय, त्यांचंही वेगळं डिजिटल कार्ड असतं, ते बँकॉकमध्ये बसून भरायचं ठरलेलं. पासपोर्टला सहा महिन्यांच्या वर मुदत, हॉटेलची बुकिंगं, ट्रॅव्हल कार्ड, इन्शुरन्स, सगळं. शाळेत आम्ही मुलांची सहल काढतो ना, तशी फाईल केली होती.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितले आणि विचारलं, रिटर्न? मी क्वालालंपूर-मुंबईचं तिकीट दिलं. ती म्हणाली मॅडम हे मलेशियाचं आहे, थायलंडमधून बाहेर पडायचं दाखवा. मी ट्रेनची तिकिटं दिली. तिने उलटीसुलटी करून बघितली, शेजारणीला दाखवली, मग म्हणाली फ्लाईटचं पाहिजे, ट्रेन चालत नाही. मी म्हटलं कुठे लिहिलंय ते दाखवा ना मला. तिने सुपरवायझरला बोलावलं, तो आला, म्हणाला सिस्टीममध्ये आहे. स्क्रीन मात्र दाखवली नाही. मी परत विचारलं, नियमात पुढचं किंवा परतीचं तिकीट असं म्हटलंय की विमानाचंच तिकीट असं म्हटलंय? तो म्हणाला मॅडम तुम्हाला परत पाठवलं तर दंड आम्हाला बसतो, काउंटर चाळीस मिनिटांत बंद होतंय, बघा तुम्ही काय करायचं ते.

काय करणार. तिथेच ट्रॉलीवर बसून मुलीने फोनवर बँकॉक-क्वालालंपूरची सगळ्यात स्वस्त तिकिटं शोधली, एकदा पेमेंट फेल गेलं, ओटीपी येईना, नवरा पलीकडे घाम पुसत उभा, शेवटी तिघांचे मिळून एकवीस हजार गेले. न वापरण्यासाठी घेतलेली तिकिटं. पीडीएफ दाखवल्याबरोबर त्या मुलीने बोर्डिंग पास दिले, आणि ते विमान आम्ही पकडणार आहोत का, हे ना तिने विचारलं ना आम्ही सांगितलं. दोघींनाही माहीत होतं.

बँकॉकला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, शिक्का मारला. पुढच्या तिकिटाबद्दल एक शब्द विचारला नाही. पाडांग बेसारला तर आमच्या ट्रेनमधून पन्नासेक परदेशी लोक उतरले, सगळे आमच्यासारखेच बॅगा घेऊन रांगेत.

आता मला हे नीट सांगू द्या की नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आल्यावर मी बरंच वाचलं. आपल्या देशात कुणाला घ्यायचं हे तो देश ठरवणार, आणि व्हिसा असला तरी किंवा माफ असला तरी शेवटचा शब्द दारातल्या अधिकाऱ्याचा, हे बरोबरच आहे. फिरायला आलोय म्हणणारा माणूस परत जाणार आहे याचा पुरावा म्हणून तिकीट मागतात, इंडोनेशिया व्हिसा ऑन अरायव्हल देताना मागतं, फिलिपिन्सने २०२५ च्या जूनपासून आपल्याला १४ दिवस बिनव्हिसा यायला दिलं त्यातही ही अट आहे. आणि तुम्ही काउंटरवर का तपासता तेही समजलं. १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेल्या नवव्या परिशिष्टात विमान कंपन्यांवर ती जबाबदारी टाकलीय, की माणसाला बसवतानाच त्याची कागदपत्रं पोचायच्या देशाच्या नियमात बसतात का ते बघा, आणि तिथे घेतलं नाही तर परत घेऊन जा. वर बऱ्याच देशांचा दंड. आपल्याच देशात २००० साली झालेल्या कायद्यात चुकीच्या कागदांवर आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे विमान कंपनीला एक लाख रुपये दंड होता. त्यामुळे काउंटरवरची पोरं घाबरतात यात त्यांचा दोष मी मानत नाही. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघं असली नोकरी करतात, चूक झाली तर मेमो कुणाला येतो ते मला माहिताय.

आणखी एक गंभीर कारण आहे. नोकरी देतो सांगून आपल्या पोरांना बँकॉकला एकेरी तिकिटावर न्यायचं आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबायचं, हे झालंय. २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडच्या माए सोतहून आपल्या हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. म्हणून एकेरी तिकिटावर निघालेल्या पोराला कुणी थांबवून चार प्रश्न विचारले तर मी एक आई म्हणून त्याचे आभारच मानेन. विचाराच. जरूर विचारा.

माझं म्हणणं एवढंच की विचारणार आहात ते विकताना विचारा. पैसे घेताना गप्प बसायचं आणि रात्री अकरा वाजता बॅगा बेल्टवर चढवताना सांगायचं, हे बरोबर नाही.

कारण माहिती तुमच्याकडे आधीपासून असते. तुम्ही सगळे जी टिमॅटिक नावाची यादी बघता, कोणत्या पासपोर्टला कोणत्या देशात काय लागतं त्याची, ती काही काउंटरवर गेल्यावर जन्माला येत नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या साईटवर सामान्य माणसालाही त्यातली माहिती बघता येते, फक्त ती आहे हेच कुणाला ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. मी तिकीट काढताना तुम्ही माझं राष्ट्रीयत्व विचारलंत, पासपोर्ट नंबर घेतलात, तिकीट एकेरी आहे हे तर समोरच दिसतंय. मग त्याच पानावर मोठ्या अक्षरात एक ओळ का येत नाही, की या देशात जायला बाहेर पडायचं तिकीट लागेल, ते तुमच्याकडे आहे का? सीट निवडा, जेवण निवडा, इन्शुरन्स घ्या, बॅगेचं वजन वाढवा असं सात वेळा विचारता. हा आठवा प्रश्न सगळ्यात कामाचा होता आणि तोच नव्हता. होती ती एक छोटी चौकट, सगळ्या अटी मान्य आहेत, तिच्यावर टिक केल्याशिवाय पैसेच भरता येत नाहीत, आणि त्या अटींत कुठेतरी कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असं लिहिलेलं असतं. मी नंतर तक्रारीचा मेल केला त्याला उत्तर म्हणून तेच वाक्य परत आलं.

मला इंग्रजी वाचता येतं तरी माझी ही गत. माझा धाकटा भाऊ आहे, एक्केचाळीस वर्षांचा, गावी त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाण्याच्या कंपन्या डीलर लोकांना टार्गेट पूर्ण केलं की बँकॉकची टूर देतात हे आपल्याकडे गावागावात माहीत आहे. तो दहावी नापास, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागेल असा शेरा. ज्या देशांसाठी आपल्या सरकारने हे ईसीआरचं बंधन ठेवलंय त्यात आखातातल्या देशांबरोबर थायलंड, मलेशिया, इंडोनेशियासुद्धा आहेत, आणि अशा माणसाला फिरायला जातानाही परतीचं तिकीट दाखवावं लागतं. तो अशाच टूरला निघाला तेव्हा चाळीस जणांचं ग्रुप बुकिंग, परतीच्या तिकिटाचा कागद टूर मॅनेजरच्या फोनमध्ये, मॅनेजर इमिग्रेशन पार करून पुढे गेलेला. भाऊ अर्धा तास बाजूला उभा. तो आमच्यात सगळ्यात बोलका माणूस, पण घरी आल्यावर त्याने हे आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मला म्हणाला, ताई, सगळे माझ्याकडे बघत जात होते, वाटत असेल यानं काय केलंय. हा माणूस दरवर्षी इन्कम टॅक्स भरतो! आणि टॅक्स भरणाऱ्याला दहावी नसली तरी ईसीआर काढून टाकता येतो, हे त्याला ना एजंटने सांगितलं ना टूरवाल्याने. आल्यावर आम्ही अर्ज केला, नवीन पासपोर्ट आला. शंभर पासपोर्ट हातातून जाणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट सांगायला किती वेळ लागला असता?

एजंट मंडळींशी मला वेगळं बोलायचंय. आल्यावर आमचा किस्सा ऐकून आमच्या ओळखीचा एजंट म्हणाला, अहो आधी सांगायचं ना, डमी काढून दिलं असतं, पाचशे रुपयांत काम. म्हणजे पैसे न भरता सीट धरून ठेवायची, पीएनआर छापून घ्यायचा, दोन दिवसांत ते बुकिंग आपोआप रद्द. हे इतकं सर्रास चालतं की लोकांना त्यात काही वाटेनासं झालंय. मला वाटतं. माझी मुलगी तिथे उभी होती. तिने बघितलं की आईबापाकडे खरी ट्रेनची तिकिटं होती, पैसे भरलेली, ती चालली नाहीत, आणि जे विमान आपण पकडणारच नाही त्याचं तिकीट चाललं. परतताना ती म्हणाली पुढच्या वेळी आपण पण डमीच काढू. तिला मी काय उत्तर देऊ? पंचवीस वर्षं वर्गात खरं लिहा, बघून लिहू नका सांगत आलेय. आणि डमी निघालं आणि अधिकाऱ्याने पीएनआर तपासला, तर खोटा कागद दाखवला म्हणून अडकणार प्रवासी, एजंटचं काय जातंय. कृपा करून हे बंद करा. गिऱ्हाईकाला परत करता येणारं खरं तिकीट काढून द्या, थोडे जास्त पैसे घ्या, पण खरं द्या.

तारखांचंही बघा, त्यात तर जाणकार माणूससुद्धा फसतो. इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा, पाच लाख रुपिया (हे तिथलं चलन) फी, आणि उतरलात तो दिवस पहिला धरतात. एखाद्याने एकतिसाव्या दिवसाचं परतीचं तिकीट काढलं तर ते नियमात बसत नाही, आणि जास्तीच्या प्रत्येक दिवसाला दहा लाख रुपिया दंड. तारीख तुमच्या कॉम्प्युटरला दिसते, दिवस त्यालाच मोजता येतात. मोजून सांगा.

हे जमण्यासारखं नाही असं तुम्ही म्हणू नका. आखातात जाणाऱ्यांना ओके टू बोर्ड नावाचा प्रकार कितीतरी वर्षं माहीत आहे, व्हिसाची कॉपी आधी कंपनीला पाठवायची, कंपनी तपासून बुकिंगवर तसा शेरा टाकणार, मग माणूस निवांत एअरपोर्टवर जाणार. कोविडच्या काळात तुम्हीच रिपोर्ट आणि सर्टिफिकेटं आधी अपलोड करून घेतलीत. तसंच पुढच्या तिकिटाचं करा ना. मला आठ दिवस आधी अपलोड करू द्या, तुमच्या माणसाने बघून हो किंवा नाही सांगावं, नाही असेल तर माझ्या हातात स्वस्तात दुसरी सोय करायला आठ दिवस असतील, तेच एकवीस हजार कदाचित नऊ हजार होतील, किंवा मी बेतच बदलेन.

आणि ट्रेन, बस, बोट चालते की नाही हे एकदा लिहून टाका. देशादेशाप्रमाणे वेगळं असेल तर वेगळं लिहा. तिकडे लोक सीमा अशाच ओलांडतात, मलेशियातून सिंगापूरला बसने जातात, सिंगापूरहून इंडोनेशियाच्या बाताम बेटावर तासाभरात बोटीने पोचतात. त्या भागात तुम्ही रोज विमानं पाठवता, तुम्हाला हे माहीत नसेल असं कसं म्हणू. एका काउंटरवर चालतं आणि शेजारच्या काउंटरवर चालत नाही असं असू नये, आमच्याच गावातल्या एका डॉक्टरांना त्याच महिन्यात बसच्या तिकिटावर सोडलं होतं.

कुणाला नाकारलंत तर कोणत्या नियमाखाली नाकारलं ते कागदावर द्या. त्या रात्री आमच्या पलीकडच्या काउंटरवर एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, मुलीच्या हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती, त्यांना परत पाठवलं. त्यांचं नेमकं काय कमी पडलं मला माहीत नाही. ती मुलगी बॅगेवर बसून आईला फोन करत होती आणि नवरा त्याच त्याच माणसाला परत परत विचारत होता, पण सर आता आम्ही काय करायचं. त्यांच्या हातात एकही कागद नव्हता. सीट जास्त विकल्या म्हणून प्रवाशाला उतरवलं तर भरपाईचा नियम आहे, कागद कमी पडले तर तो लागू होत नाही, हे मी नंतर वाचलं. पण न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाची फी परत द्यायची असा डीजीसीएचा, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी, नो-शो झाला तरी. हे तरी त्या दोघांना कुणी सांगितलं असेल का? जो कर्मचारी परत पाठवतो त्यानेच हे सांगावं, तेवढं त्याच्या कामात धरा.

शेवटी मराठीबद्दल. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा इथून तुम्ही परदेशी विमानं सोडता आणि आमच्याकडून, साताऱ्या-सांगलीच्या, जळगावच्या, लातूरच्या लोकांकडून भरपूर धंदा करता. आता आमच्याकडे साठीतली जोडपी पहिल्यांदा परदेशात जातायत, भिशीचे पैसे साठवून बायका ग्रुपने व्हिएतनाम-बाली करतायत. पूर्ण ॲप मराठीत करा असं मी आज मागत नाही. पण माणूस विमानात बसू शकणार की नाही हे ज्या चार वाक्यांवर ठरतं ती चार वाक्यं मराठीत आणि हिंदीत दाखवा, व्हॉट्सॲपवर बोर्डिंग पास पाठवता तसंच पाठवा.

माझा भाऊ आता नवीन पासपोर्टवर मे महिन्यात मलेशिया-सिंगापूर करायचं म्हणतोय, आम्ही सात जण, त्यात माझी आई. मुंबईहून क्वालालंपूरला विमान, तिथून बसने सिंगापूर, सिंगापूरचा व्हिसा आधी काढून, आणि परत सिंगापूरहून विमान. म्हणजे मलेशियातून बाहेर पडायचं आमचं तिकीट बसचं असणार. सात जणांची तिकिटं अजून काढलेली नाहीत. पैसे भरायच्या आधी तुमच्या पानावर या बसच्या तिकिटाबद्दल काही लिहिलेलं सापडतंय का ते मी शोधणार आहे, नाही सापडलं तर लेखी विचारणार आहे, आणि ज्या कंपनीचं लेखी उत्तर येईल तिचीच सात तिकिटं घेणार आहे.

कळावे,
कराडची एक शिक्षिका